घराच्या कर्जाआधी सिबिल सुधारायचं, तर कुठून सुरुवात करायची?

बेळगावच्या अनगोळात माझी पत चांगली आहे. गल्लीतला दुकानदार महिन्याचं सामान वहीवर देतो. आमच्या पतसंस्थेचा, म्हणजे सोसायटीचा, रोजची बचत गोळा करणारा पिग्मीवाला रोज संध्याकाळी उद्यमबागेतल्या माझ्या लेथच्या शेडवर येतो. त्याच सोसायटीतून आजवर पाच कर्जं काढली आणि पाचही वेळेत फेडली. म्हणून मच्छेकडं रो-हाऊस बघून 25 लाखांचा अर्ज घातला आणि बँकेतली मुलगी म्हणाली, "सर, तुमचा सिबिल 641 आहे, नाही होणार," तेव्हा मला वाटलं कॉम्प्युटर बिघडलाय.

कॉम्प्युटर ठीक होता. सिबिल म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवून त्यावरून गुण देणारी कंपनी, आणि त्या गुणांनाही लोक सिबिलच म्हणतात. आमच्या सोसायटीची माहिती सिबिलकडं जातच नव्हती. त्यामुळं फेडलेली पाच कर्जं बँकेच्या लेखी कधी झालीच नव्हती, आणि मी न घेतलेली दोन मात्र माझ्या नावावर दिसत होती. 641 चे 762 व्हायला मला अकरा महिने लागले. तुम्हीही घर बघायला लागायच्या आधी निदान सहा महिने हाताशी ठेवा. बिल्डरला टोकन देऊन मग सिबिल बघू नका, मी तेच केलं होतं.

पहिलं काम म्हणजे रिपोर्ट काढणं. देशात अशा नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढा, कारण एकीकडं असलेली चूक दुसरीकडं नसते. आपला आपण रिपोर्ट बघितला तर स्कोअर कमी होत नाही. कमी होतो तो पाच ठिकाणी अर्ज घातल्यानं. पहिल्या बँकेनं नाही म्हटल्यावर मी एका एजंटाला कागद दिले, त्यानं पंधरा दिवसांत सहा बँकांना पाठवले. सहाही चौकश्या रिपोर्टात नोंदल्या गेल्या. माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय असा त्याचा अर्थ लावतात.

स्कोअर 300 ते 900 मध्ये असतो, आणि 750 च्या वर असला की बँकेतली बोलणीच वेगळी होतात. पण आकड्यापेक्षा रिपोर्टाची आतली पानं वाचा. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांची चौकट असते. तिथं तीन शून्यं असली तर हप्ता वेळेत, 32 असलं तर 32 दिवस उशीर. 90 दिवसांच्या पुढं गेलं की बँक ते बुडीत धरायला लागते. मी चहा घेऊन बसलो आणि लाल पेनानं खुणा करत गेलो.

पहिली खूण जामिनाची. खानापूरच्या एका दोस्ताला टेम्पोसाठी मी जामीन राहिलो होतो. त्याचे चार हप्ते चुकले, ते माझ्याही रिपोर्टात आले. फोन केला तर म्हणतो, "अरे, भरूलालोय की! तुझं काय जातंय?" ही नोंद खरी असल्यामुळं तक्रार करून निघत नाही. मी त्याच्या घरी जाऊन बसलो, दोघं मिळून बँकेत गेलो, थकलेलं सगळं त्याच्याकडून भरून घेतलं. जामीनदार बदलून मागता येतो, पण बँकेनं मान्य केलं तरच. सही करताना आपण मैत्री बघतो, बँक ते आपलंच कर्ज धरते. गावात नाही म्हणणं किती अवघड असतं ते मला ठाऊक आहे, तरी घराचा विचार असेल तर त्या वर्षात कुणाला जामीन राहू नका.

दुसरी खूण एका क्रेडिट कार्डाची. एकदाही न वापरलेलं कार्ड, पण वार्षिक फी आणि तिच्यावरचं व्याज मिळून 7,340 रुपये थकीत. वसुलीवाला म्हणाला, 3,000 भरा, सेटल करून टाकतो. इथं सावध राहा. 'सेटल्ड' हा शब्द ऐकायला बरा वाटतो, पण रिपोर्टात त्याचा अर्थ 'या माणसानं पूर्ण फेडलं नाही' असा होतो, आणि तो शब्द पुढं कैक वर्षं आडवा येतो. मी चरफडत पूर्ण 7,340 भरले, येणं नसल्याचं पत्र घेतलं, आणि रिपोर्टात 'क्लोज्ड' येईपर्यंत पाठ सोडली नाही.

तिसरी खूण माझ्याच नावाच्या निपाणीच्या कुणाच्या तरी मोटारसायकलची. हे आपल्या भागात होण्याला कारण आहे. आधारवर माझ्या नावाला कन्नड उच्चाराप्रमाणं जास्तीचा 'ए' लागलाय, पॅनवर तो नाही. 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावचं बेळगावी झालं, तेव्हापासून पत्तेही दोन तऱ्हेचे. आधी आधार, पॅन आणि बँक खात्यावरचं नाव एकसारखं करून घ्या. मग ज्या कंपनीच्या रिपोर्टात चूक आहे तिच्या साइटवर तक्रार घाला. ती कंपनी स्वतः काही खोडत नाही, कर्ज देणाऱ्याला विचारते, म्हणून एक पत्र त्यालाही द्या. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायचा नियम आहे, आणि तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. माझं 26 दिवसांत मिटलं. आपला सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्या मानानं हे फारच लवकर म्हणायचं.

चुका काढल्या तरी चांगल्या नोंदी असाव्या लागतात, आणि माझ्या त्या सोसायटीत अडकलेल्या. मग बँकेत 50,000 ची एफडी ठेवून तिच्यावर 40,000 मर्यादेचं कार्ड घेतलं. शेडला लागणारं कूलंट, इन्सर्ट त्यावर घ्यायचे, पण मर्यादेच्या 30 टक्क्यांत, म्हणजे 12,000 पर्यंत. पैसे बिल निघायच्या दोन दिवस आधीच भरायचे, कारण बहुतेक वेळा बिलावर दिसते तीच बाकी पुढं कळवली जाते. 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलावरची किमान रक्कम, तेवढीच भरून गप्प बसायचं नाही. जुनं कार्ड चालू असेल तर बंद करू नका. 2025 पासून बँकांना निदान पंधरवड्याला एकदा माहिती पाठवावी लागते, त्यामुळं सुधारणा पूर्वीपेक्षा लवकर दिसते.

शेतीवाल्यांसाठी एक सांगतो. येळ्ळूरचा माझा मावसभाऊ दरवर्षी सोनं ठेवून कर्ज काढतो आणि उसाचं बिल आलं की सोडवतो. बिल दोन महिने लांबलं, त्याला वाटलं सोनं तर बँकेतच आहे. पण मुदत संपली की सोनं असलं तरी नोंद थकीतच लागते. मुदतीआधी निदान नूतनीकरण करून घ्या.

बायकोचा रिपोर्ट बघितला तर तिचा 771! महिलांच्या संघातून घेतलेल्या कर्जाचे हप्ते तिनं आठवड्याला न चुकता भरलेले, आणि मायक्रोफायनान्सवाले ते कळवत होते. तिला सहकर्जदार केलं. फक्त संघात हप्ता हातात दिला तर पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही.

धंदा रोखीत असेल तर उत्पन्न बँकेला दिसत नाही. मी जॉबवर्कचे पैसे खात्यात घ्यायला लागलो आणि रिटर्न वेळेत भरले. माझ्या स्वतःच्या मोटारसायकलचे बाकी राहिलेले चार हप्तेही फेडून टाकले, कारण सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत असलेले बँकांना बरे वाटतात.

एवढं कशाला करायचं? 25 लाख 20 वर्षांसाठी 9.25 टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे 22,900, आणि 8.5 टक्क्यांनी 21,700. वीस वर्षांत फरक पावणेतीन लाखांच्या वर जातो. स्कोअर चांगला झाला आणि जागेचा ई-खाता, म्हणजे कर्नाटकातला मालमत्तेच्या नोंदीचा ऑनलाइन उतारा, नसला तरी गाडी अडतेच, म्हणून तो कागद बिल्डरकडून आधी बघून घ्या.

कर्ज मंजूर झालं त्याच आठवड्यात बायको म्हणाली, गणपत गल्लीत फ्रीज बघून आलेय, बिनव्याजी हप्त्यावर देतात. मी म्हटलं, थांब. पैसे बिल्डरच्या खात्यात पडेपर्यंत बँक पुन्हा एकदा रिपोर्ट काढून बघू शकते. फ्रीज दीड महिन्यानं आला, रोख पैशांनी.