हाताला मुंग्या येतात म्हणून पट्टा घेतलाय? मग या चुका टाळा

रात्री दोन-अडीचला हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला की जरा बरं वाटतं. पहाटे म्हशीची धार काढायला बसलं की पुन्हा बोटं बधीर. करवीर, पन्हाळ्याकडच्या बायका हे सांगतात, हुपरीचे चांदी कारागीर सांगतात, शिरोलीला फाउंड्रीत दिवसभर ग्राइंडर धरणारी पोरंही. मनगटात हाडं आणि वरची चिवट पट्टी यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या स्नायूंच्या नऊ दोऱ्या आणि मीडियन नावाची नस जाते. तिथं दाब वाढला की नस चेंगरते. हाच कार्पल टनेल सिंड्रोम. लवकर ओळखला तर बऱ्याच जणांना ऑपरेशनशिवाय आराम पडतो.

आमची पहिली चूक ओळखण्यातच झाली. आईची कळ खांद्यापर्यंत चढायची, म्हणून चार महिने तिच्या गळ्यात मानेचा पट्टा होता. कुठल्या बोटांना मुंग्या येतात, हे आम्ही तिला विचारलंच नव्हतं. या आजारात अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू बधीर होते, करंगळी सहसा सुटते. मानेतली नस दबली तरी हात बधीर होतो, त्यामुळे डॉक्टरांना दाखवायचंच, पण बोटं नीट सांगितली तर निम्मं काम होतं.

दुसरी चूक मनगटाच्या पट्ट्याची, आणि सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. मेडिकलमध्ये नुसता 'मनगटाचा पट्टा' मागितला की बऱ्याचदा इलॅस्टिकचा बँड हातात पडतो. तो घट्ट आवळला तर आधीच दबलेल्या नसेवर आणखी दाब. हवा असतो तो आत पट्टी असलेला रिस्ट स्प्लिंट. त्यातली धातूची पट्टी पुष्कळदा वर वाकवलेली असते. या आजारात मनगट सरळ रेषेत हवं, म्हणून ती काढून सरळ करून घ्यावी लागते. फिजिओथेरपिस्ट हे दोन मिनिटांत करून देतात. आणि पट्टा दिवसा कामाला जाताना नव्हे, रात्री झोपताना घालायचा. झोपेत मनगट दुमडून उशीखाली जातं, बोगद्यातला दाब वाढतो, म्हणून तर जाग येते. आईनं आठ दिवसांत 'काय फरक नाही' म्हणून तो खुंटीला अडकवला होता. किमान सहा आठवडे रोज रात्री घालायला हवा.

मनगट रगडून चोळू नका. वेदनाशामक गोळ्यांनी नसेवरचा दाब उतरत नाही. ताकदीच्या म्हणून बी-६ च्या गोळ्या मनानं घेत राहणं तर उलट धोक्याचं, कारण जास्त डोस झाला तर तेच जीवनसत्त्व नसांना इजा करतं.

मनगटातल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनला लोक उगाच घाबरतात. जाणकार हातानं दिलं तर काही आठवडे ते काही महिने चांगला आराम मिळतो. मधुमेह असेल तर थोडे दिवस साखर वाढते, तेवढं आधी सांगा. चूक होते ती पुढं: आराम पडला की पट्टा बंद, आणि पुन्हा चार म्हशींची धार एकट्यानंच. धार घरात वाटून घ्या, मूठ आवळताना मनगट वाकवू नका, ग्राइंडर चालवणाऱ्यांनी मध्ये मध्ये हात मोकळा करावा. मधुमेह आणि थायरॉईडची तपासणीही करून घ्या, कारण मूळ तिथंही असू शकतं. गरोदरपणात सुरू झालेला त्रास बहुतेक वेळा बाळंतपणानंतर ओसरतो, तोवर रात्रीचा पट्टा पुरतो.

आता जी चूक सगळ्यात महाग पडते ती. कळ थांबते, पण बोटं दिवसरात्र बधीरच राहतात, आणि घरचे म्हणतात, 'बरं झालं, दुखायचं थांबलं.' हे बरं होणं नव्हे, नस हरत चालल्याची खूण आहे. दोन्ही तळवे शेजारी धरून अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा बघा. एका बाजूला तो बसलेला दिसला, ब्लाउजचं बटण लागेना, हातातली कपबशी निसटू लागली, तर पट्ट्यावर आणखी महिने घालवू नका. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या अस्थिरोग विभागात किंवा आपल्या डॉक्टरांकडे जाऊन नसेची तपासणी कधी करायची ते त्याच भेटीत विचारून घ्या.