जुन्या गाडीचे आटे: या चुका टाळा

जुनी गाडी उघडली की चार-दोन बोल्टचे आटे जाणारच, त्यात नवल नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या कामात गंजाने गेलेले आटे कमी आणि उतावळ्या हातांनी मारलेले जास्त असतात.

इंचाच्या भोकात मिलिमीटरचा बोल्ट

ही चूक पाहून पाहून वैतागलोय. पद्मिनी मूळची फियाट, तिचे आटे मेट्रिक. जुनी महिंद्रा जीप विलिजची, जुनी ॲम्बॅसडर मॉरिसची. त्यांचे आटे इंचाचे. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी. हातात घेतला तर आठ मिमीचाच वाटतो. डोकं अर्धा इंच, म्हणजे १२.७, त्यावर १३ चा पानाही बसतो. पण आट्यांमधलं अंतर वेगळं: आठच्या नेहमीच्या बोल्टला १.२५ मिमी, ५/१६ च्या जाड आट्याला १.४१.

एका पोराच्या जीपचा कव्हरचा बोल्ट हरवला. त्याने हार्डवेअरच्या दुकानातून आठचा आणला. दोन फेरे गेला आणि अडला. 'गंज असेल' म्हणून पठ्ठ्याने पान्याला पाइप लावला. बोल्ट ब्लॉकच्या तोंडाशीच तुटला. मग व्हिडिओ बघून एझी-आउट (तुटलेला बोल्ट काढायचा उलट्या आट्यांचा खिळा) ठोकला, तोही आत मोडला. एझी-आउट कडक पोलादाचा; साधा ड्रिल त्याच्यावरून घसरतो आणि शेजारचं बीड (ब्लॉकचं ओतीव लोखंड) खातो. शेवटी ब्लॉक टेम्पोत घालून भोसरीला स्पार्क इरोजनवाल्याकडे (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून काढणाऱ्याकडे) न्यावा लागला. तुकडा निघाला, पण मूळ आटे उरलेच नव्हते. मग इंचाच्या मापाची हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) मागवली, तिची वाट बघत गाडी तशीच उभी. हे सगळं एका चहाच्या किमतीच्या बोल्टपायी.

बोल्ट पहिले तीन-चार फेरे नुसत्या बोटांनी गेला पाहिजे. नाही गेला तर बाहेर काढा, पाना शोधू नका. जुना आणि नवा बोल्ट एकमेकांना चिकटवून मी उजेडासमोर धरतो. आटे एकमेकांत बसले आणि मधून उजेड दिसला नाही, तर माप एकच. पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी) असेल तर उत्तमच.

साफसफाईसाठी टॅप

टॅप असतो भोकात आटे कापायला. गंजलेल्या आट्यात फिरवला की गंजाबरोबर धातूही निघतो, आणि बोल्ट पुढे कायमचा ढिला. मी त्याच मापाच्या चांगल्या बोल्टला हॅक्सॉने दोन-तीन उभ्या खाचा पाडतो, कडांचा चुरा कानशीने काढतो, तेल लावून हाताने फिरवतो. घाण खाचांत जमा होते. विकतचा चेझरही (आटे न कापता साफ करायचं हत्यार) मिळतो, पण जुन्या गाडीच्या मापाचा असेलच असं नाही.

हेलिकॉइल 'अंदाजे' बसवणं

एम ८ च्या (आठ मिमी बोल्टच्या) हेलिकॉइलला ८.३ चा ड्रिल लागतो. 'साडेआठचा आहे की घरात' म्हणणाऱ्यांना मी पुढचं काही सांगतच नाही. ड्रिल सरळ धरा, गुंडाळी पृष्ठभागापासून पाव ते अर्धा फेरा खाली ठेवा. स्पार्क प्लगच्या भोकात गुंडाळी बसवल्यावर तिच्या टोकाची मोडलेली शेपटी चिमट्याने बाहेर काढा. आत पडली तर थेट पिस्टनवर.

बाकीचं थोडक्यात

ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग गरम इंजिनात काढू नका. 'घाई आहे' हे कारण तिथे चालत नाही.

टॅप मारताना अर्धा फेरा पुढे, पाव मागे. बिडाला कोरडा चालतो, ॲल्युमिनियमला रॉकेल. न मिळालं तर डिझेल.

जाम बोल्टला ताप द्यायचा तर भोवतालच्या धातूला द्या. आणि पेनिट्रेटिंग तेल रात्रभर राहू द्या, चहा होईपर्यंत नव्हे.

तळ बंद असलेल्या भोकात तेल साचू देऊ नका. वरून बोल्ट आवळला की तेलाला जायला जागा नसते आणि चांगला ब्लॉक तडकतो. आधी हवा मारा, मग चिंधी घाला.

आणि ढिल्या आट्यात अरल्डाइट भरून बोल्ट दाबणाऱ्यांनी गाडी विकताना निदान गिऱ्हाइकाला सांगावं. पुढचा माणूस ती माझ्याकडेच आणतो.