चीनमधल्या ग्वांगझौत नवीन आलात? आधी पोट इथल्या रीतीला लावा

तोंड आलं की इथले सहकारी लगेच 'शांगहुओ' म्हणतील, म्हणजे अंगात उष्णता चढली. तळण, तिखट, जागरण आणि जूनमधल्या ढीगभर लिची ही नेहमीची कारणं. चिनी वैद्यक पदार्थांचे स्वभाव थंड, गार, सम, उबदार आणि गरम असे लावतं. आपल्या घरी उष्ण-थंड पाळतात, त्यामुळे हे लवकर अंगवळणी पडतं. फरक एवढाच की इथे पचनाचा मुख्य भार प्लीहा आणि जठरावर मानतात, आणि गार, कच्चं, अवेळी खाल्लेलं या दोघांना सोसत नाही असं धरतात. म्हणून खानावळीत पाणीसुद्धा गरम येतं. ते कोमट झाल्यावर प्या. 65 अंशांवरची पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला कारण ठरू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये म्हटलं आहे.

सकाळी 7 ते 9 ही जठराची वेळ मानतात. त्या वेळेला तांदळाची पेज उत्तम. अर्धी वाटी तांदूळ धुऊन, चमचाभर तेल आणि चिमूटभर मीठ चोळून अर्धा तास ठेवा. मग पाच वाट्या उकळत्या पाण्यात घाला. गार पाण्यात घातले तर तळाला बसतात आणि करपतात. मंद आचेवर तासभर शिजू द्या. झाकण पूर्ण लावू नका, उतू जातं. शेवटची दहा मिनिटं न थांबता ढवळा, तेव्हाच ती रेशमी होते. वरून आल्याचे धागे घाला. मधुमेह असेल तर मात्र ही रोजची न्याहारी नको, इतक्या मऊ भाताने साखर झपाट्याने चढते. शाकाहारी असाल तर बाहेरची पेज हाडांच्या पाण्यात शिजवलेली नाही ना, हे आधी विचारा.

मार्च-एप्रिलच्या दमट दिवसांत भिंतींना पाणी सुटतं. तेव्हा घरोघरी यीमी या गवताच्या जातीतल्या धान्याचे पांढरे दाणे आणि छोटे लाल कडधान्य यांचं पाणी उकळतात. दोन्ही 30-30 ग्रॅम, रात्रभर भिजवून, दीड लिटर पाण्यात तासभर. कच्ची यीमी थंड मानतात, म्हणून भिजवण्याआधी कढईत कोरडी, बदामी होईपर्यंत भाजा. गरोदर बाईने ती घेऊ नये.

शानयाओ हा कोनफळाच्या जातीचा कंद सोलताना हातमोजे घाला, त्याच्या चिकाने हात भयंकर खाजतात.

कोपऱ्याकोपऱ्यावर मिळणारा कडू 'लियांगछा', म्हणजे औषधी वनस्पतींचा काढा, हे औषध आहे, सरबत नव्हे. उष्णता वाढली असेल तरच एखादा पेला, तोही जेवणानंतर. रोज प्यायलात तर पोट बिघडतं. पाळीत, गरोदरपणी आणि लहान मुलांना तो देत नाहीत. काही मिश्रणांत ज्येष्ठमध असतो, तो जास्त पोटात गेला तर रक्तदाब वाढतो. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर गोजी बेरी ही छोटी लाल फळं आणि दांगग्वेई या औषधी वनस्पतीची मुळी सुपातसुद्धा नको, रक्तस्राव होऊ शकतो. औषधी दुकानातलं काहीही घेण्याआधी आपल्या चालू गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा.