चरित्रकाराची निष्ठा कशी तपासावी

सांगलीतल्या आमच्या वाचनमंडळात मार्क्सवादी इतिहासकाराचं पुस्तक निघालं, की कुणीतरी म्हणतं, "त्यांच्याच पक्षाचा माणूस, काय वाचायचं?" मी इतिहास शिकवत आले आहे आणि हा प्रश्न मला मनापासून खटकतो. निष्ठा नसलेला चरित्रकार मी पाहिलेला नाही. निष्ठा कुठली, ती केव्हापासून, तिची किंमत लेखकाने मोजली का, हे मात्र शोधता येतं.

त्यासाठी वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे चरित्रनायकाची सालं, उजवीकडे लेखकाची. रशियन क्रांतीचे नेते स्टालिन आणि ट्रॉट्स्की यांची चरित्रं लिहिणारे मार्क्सवादी लेखक आयझॅक डॉइचर यांचं उदाहरण घेऊ. जन्म १९०७, पोलंड. तरुणपणी कम्युनिस्ट पक्षात, १९३२ मध्ये हकालपट्टी. नाझींचा धोका फुगवून सांगतो, हा ठपका. पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला. १९३८ मध्ये ट्रॉट्स्की चौथी इंटरनॅशनल, म्हणजे आपल्या अनुयायांची आंतरराष्ट्रीय संघटना, स्थापन करत असताना डॉइचर यांचा त्या स्थापनेला विरोध होता. १९३९ मध्ये ते लंडनला आले. १९४९ मध्ये स्टालिनचं चरित्र आलं, तेव्हा स्टालिन जिवंत होता. ट्रॉट्स्कीच्या चरित्राचे तीन खंड १९५४, १९५९ आणि १९६३ चे.

आता पक्ष, विचार आणि व्यक्ती अशा तीन निष्ठा वेगळ्या करा. डॉइचर यांचा पक्ष सुटला, मार्क्सवाद १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत सुटला नाही, आणि ट्रॉट्स्कीबद्दलची ओढ तर पानोपानी दिसते. तिन्ही एकत्र कालवल्या की आपण लेखकावर अन्याय करतो.

मग नायकाची सगळ्यात अडचणीची जागा काढा. ट्रॉट्स्कीच्या बाबतीत ती क्रोनस्टाट, १९२१: या नाविक तळावरचं खलाशांचं बंड त्याच्या सत्ताधारी बोल्शेविक पक्षाने चिरडलं. बंडखोर खलाशांमागे झारशाही जनरल आहे, असं बोल्शेविक सांगत होते; हा आरोप निराधार दिसतो, असं डॉइचर लिहितात. आपल्या माणसाविरुद्ध जाणारं हे वाक्य त्यांनी टाळलं नाही, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. तरी पेन्सिल खाली ठेवू नका. 'अपरिहार्य', 'इतिहासाची गरज' असे शब्द आले की खूण करा आणि विचारा: तिथे निर्णय घेणारी माणसं कुठे गेली?

कागदपत्रं कुणी दाखवली, तेही नोंदवा. हार्वर्डमधल्या ट्रॉट्स्कीच्या दप्तराचा बंद भाग डॉइचर यांना नतालिया सेदोव्हा, म्हणजे ट्रॉट्स्कीच्या पत्नी, यांच्या परवानगीने पाहता आला. अशा मदतीचं ओझं लेखणीवर येऊ शकतं.

सराव घरच्या माणसावर करा. क्रांतिसिंह नाना पाटलांची निदान दोन चरित्रं वाचनालयातून आणा, शक्यतो वेगळ्या विचारांच्या लेखकांची. कुंडल, प्रतिसरकार, १९४३ ते १९४६ हा भाग बहुतेक सगळे भरभरून लिहितील. तुम्ही पुढची पानं मोजा. शेतकरी कामगार पक्ष, मग कम्युनिस्ट पक्ष, १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून खासदारकी, याला कुणी किती जागा दिली? आकडे वहीत उजवीकडे लिहा आणि त्यांच्याखाली प्रत्येक पुस्तकाचं प्रकाशनवर्ष टाका.