पीलिंग किंवा लेझरनंतर वनस्पतीजन्य क्रीम कसं लावावं

पीलिंग (रसायनाने त्वचेचा वरचा थर काढणं), लेझर किंवा मायक्रोनीडलिंग (त्वचेला बारीक सुया टोचणं) यांनंतर चेहरा लाल होतो, ओढल्यासारखा वाटतो आणि घरातलं कोणीतरी कोरफडीचं पान कापून आणतं. ते तूर्त कुंडीतच राहू द्या.

तयारी आधीच सुरू करा. नंतर वापरायचं क्रीम आठवडाभर रोज दोनदा कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेत लावून बघा. खाज किंवा पुरळ उठलं तर ते बाद. गाजरगवताची ॲलर्जी असणाऱ्यांनी जास्तच जपावं. क्रीममध्ये असणाऱ्या कॅलेंड्युला, कॅमोमाइल, अर्निका या वनस्पती गाजरगवताच्याच, म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातल्या, त्यामुळे त्यांनीही अंगावर उठू शकतं.

प्रोसिजरनंतर सुरुवातीला डॉक्टरांनी दिलेलंच लावा. बहुतेकदा ती साधी पेट्रोलियम जेली असते, आणि तीच पुरते. मायक्रोनीडलिंगने त्वचेला बारीक छिद्रं पडतात. एरवी वरच राहणारे सुगंध आणि अर्क अशा वेळी थेट आत उतरतात.

त्वचेतून पाणी येणं थांबलं, चुरचुर गेली, की वनस्पतींची पाळी. हलक्या पीलिंगला साधारण आठवडा लागतो. खोल लेझर असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

क्रीम घेताना पुढची जाहिरात सोडा, मागची यादी वाचा. मला सेंटेला, म्हणजे मंडूकपर्णी, बरी वाटते. यादीत ‘मॅडेकॅसोसाइड’ दिसलं तर ते तिच्यातलंच. सुगंध, लव्हेंडर किंवा टी ट्री तेल असेल तर ट्यूब परत ठेवा. कोरफड हवी असेल तर बिनसुगंधी तयार जेल घ्या. ताज्या पानाच्या सालीखालचा पिवळा चीक त्वचेला झोंबतो.

हात साबणाने धुवा. चेहरा कोमट पाण्याने धुऊन टिपा आणि ओलसर असतानाच वाटाण्याएवढं क्रीम बोटांनी थापटत लावा, चोळू नका. पापुद्रे सुटत असतील तर सुटू द्या, ओढायचे नाहीत.

सकाळी त्यावर किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन हवंच. आपल्या सावळ्या त्वचेवर अशा वेळी ऊन लागलं की काळे डाग पडतात आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत. हळद-लिंबाचा लेप तर नकोच. लिंबाचा रस लागलेल्या जागी ऊन पडलं तर फोडही येतात.

पू, ताप, वाढती ठणक किंवा पाणी भरलेल्या फोडांचा घोस दिसला, तर क्रीम थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.