खेळातला पैसा गावात कसा मुरवावा

प्रो कबड्डीच्या २०१८ च्या लिलावात बोली पहिल्यांदाच एक कोटी रुपयांच्या वर गेली. तेव्हापासून कोकणातल्या कबड्डी मंडळांतही एक प्रश्न विचारला जाऊ लागला आहे: पोराने नाव काढले, हातात पैसा आला, आता गावासाठी करायचे काय? बहुतेक वेळा उत्तर ठरलेले असते. देवळाचा जीर्णोद्धार होतो, वेशीवर कमान उभी राहते, स्पर्धेला खेळाडूच्या नावाचा चषक लागतो. यात वाईट काही नाही, परंतु कमानीत घातलेला रुपया पुन्हा कोणाच्या हाती फिरत नाही. ज्या खेळाडूला आपला पैसा गावात फिरता ठेवायचा आहे, त्याच्यासाठी हे लिहिले आहे.

हा प्रश्न आपल्या कितीतरी आधी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय खेळाडूंना पडला होता. तिथे १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवून त्या कर्जासाठी धोक्याच्या ठरवल्या गेल्या आणि पुढची अनेक वर्षे तिथल्या माणसाला घरासाठी वा दुकानासाठी बँकेने दारात उभे केले नाही. वस्तीत ग्राहक होते, कष्टाचे हात होते, भांडवल मात्र बाहेरच्याचे होते. कोकणाचा इतिहास निराळा आहे आणि वंशभेदाशी त्याची ओढूनताणून बरोबरी करू नये. पण माल आपला, भांडवल दुसऱ्याचे आणि म्हणून भावही दुसऱ्याचा, हे दुखणे आपल्याला अनोळखी नाही.

तेव्हा पहिले काम म्हणजे गावात नेमके काय कमी आहे ते शोधणे. बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन याने १९९५ साली लॉस एंजलिसच्या कृष्णवर्णीय वस्तीत चित्रपटगृह काढले, कारण तिथल्या लोकांना चित्रपट पाहायला दूर जावे लागत होते. १९९८ मध्ये त्याने स्टारबक्सबरोबर निम्म्या भागीदारीत अशाच वस्त्यांमध्ये कॉफीची दुकाने सुरू केली, तिथे वस्तीच्या आवडीचा रताळ्याचा ‘पाय’ हा गोड भाजलेला पदार्थ विकायला ठेवला आणि शंभरावर दुकाने चालवून २०१० साली आपला हिस्सा विकला. वस्तीची चव ठाऊक असणे हे त्याचे भांडवल होते. व्यवसायाचे तंत्र भागीदाराकडे होते.

आपल्याकडे हाच शोध आंब्यापासून सुरू करावा. हापूसच्या बागायतदाराला फवारणी, राखण आणि खोकी यांसाठी हंगामाआधी पैसा लागतो. तो दलालाकडून उचल म्हणून येतो आणि उचल घेतली की माल त्याच्याच गाळ्यावर पाठवावा लागतो. भाव काय मिळाला, हे पट्टी, म्हणजे दलालाचा विक्रीचा हिशेब, आल्यावर कळते. काजूची गोष्ट याहून बोलकी आहे. बी फेब्रुवारी ते मे या काळात निघते, गर मात्र वर्षभर विकला जातो, म्हणून कारखानदाराला वर्षाची बी दोन-तीन महिन्यांत रोखीने विकत घ्यावी लागते. छोटा कारखाना बंद पडतो तो बहुधा यंत्राअभावी नव्हे, तर खेळत्या भांडवलाअभावी. यंत्रासाठी अनुदान मिळू शकते. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, अशी तरतूद केलेली आहे. बीचे पैसे मात्र या अनुदानात बसत नाहीत. खेळाडूचा पैसा नेमका इथे लागावा. नवे शेड बांधून फीत कापण्यापेक्षा चालू असलेल्या दोन कारखान्यांना हंगामभराचे भांडवल पुरवणे अधिक उपयोगी पडते, जरी त्याचा फोटो चांगला येत नाही.

हे भांडवल द्यायचे कसे, याचा विचार वकील आणि सनदी लेखापाल यांना सोबत बसवून करावा. गावात व्याजाने पैसे देण्याचा धंदा परवान्याशिवाय करणे हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. शेतकरी उत्पादक कंपनी हा मार्ग अनेकांना सुचतो आणि तो चांगलाही आहे: किमान दहा उत्पादक एकत्र येऊन ती स्थापन करता येते आणि सर्वसाधारणपणे प्रत्येक सभासदाला एकच मत असते, भाग कितीही असोत. परंतु तिचा सभासद उत्पादकच असावा लागतो. आपण स्वतः बाग वा शेती करत असाल तर प्रश्न नाही. नसाल तर वेगळी खाजगी कंपनी काढावी आणि तिने उत्पादक कंपनीकडून लेखी कराराने, आधी ठरलेल्या किमान भावाने माल घ्यावा व करारापोटी आगाऊ रक्कम द्यावी. हा शेवटचा प्रकार म्हणजे उचलच, फक्त तिच्यात भाव आधी ठरतो.

कोणत्याही कर्जाला वैयक्तिक जामीन राहू नये. हे वाक्य मला ठळक अक्षरांत छापावेसे वाटते. अँटोइन वॉकर या बास्केटबॉलपटूने कारकिर्दीत १० कोटी डॉलरहून अधिक कमावले, शिकागोच्या गरीब वस्त्यांतल्या घरांमध्ये पैसा गुंतवला आणि त्या कर्जांना स्वतःची हमी दिली. घरबांधणीचा बाजार कोसळला तसा तोही बुडाला आणि २०१० मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली. वस्तीचे भले करण्याचा हेतू बँकेच्या वसुलीला आड येत नाही. आपल्याकडे पतसंस्थेत ‘नुसती सही कर’ म्हणणारा आपला चुलतभाऊच असतो आणि त्याला नाही म्हणणे चढाईला जाण्यापेक्षा कठीण असते. तरीही नाही म्हणावे. जेवढे बुडाले तरी घर चालेल तेवढीच रक्कम वेगळी काढावी, ती कंपनीत भाग म्हणून घालावी आणि तिथेच थांबावे.

उलट उदाहरण बास्केटबॉलपटू ज्युनियर ब्रिजमन याचे. त्याला खेळताना मिळालेला पगार आजच्या मानाने किरकोळ होता. १९८७ साली निवृत्त झाल्यावर त्याने वेंडीज या उपाहारगृहांच्या शाखा घेतल्या, कामाची पद्धत स्वतः तिथे राबून शिकला आणि पुढे अशा शंभरावर शाखांचा मालक झाला. २०२० मध्ये दिवाळखोरीत निघालेले ‘एबनी’ हे कृष्णवर्णीयांचे जुने मासिक त्याने १.४ कोटी डॉलरला विकत घेऊन वाचवले. त्याचे अनुकरण करायचे तर एक हंगाम कारखान्यात काढावा: बी वाफवणे, फोडणे, बोर्म्यात, म्हणजे सुकवणीच्या भट्टीत, सुकवणे, सोलणे आणि प्रतवारी. गराचा तुकडा किती पडतो यावर नफा ठरतो, आणि ते वही पाहून कळत नाही, सोलणाऱ्या बाईच्या शेजारी बसून कळते.

पैसा जमा करण्यासाठी स्वतःची पतसंस्था काढण्याचा मोह टाळावा. बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन याने १९६४ साली न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत फ्रीडम नॅशनल बँक उभारण्यात पुढाकार घेतला, कारण तिथल्या लोकांना इतर बँका कर्ज देत नव्हत्या. गरज खरी होती, बँक पंचवीस वर्षे चाललीही, पण १९९० साली ती बंद पडली आणि विम्याच्या मर्यादेपलीकडच्या ठेवी असलेल्या संस्थांना झळ बसली. आपल्याकडे बँकेतल्या ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेच्या ठेवीला हे संरक्षण नाही. आपल्या नावावर विश्वासून कोणा म्हातारीने ठेव ठेवली, तर ते ओझे आपले असते.

जागेचे पाहावे. कोकणातल्या सातबारावर वीस-पंचवीस नावे सहज असतात, निम्मे हिस्सेदार मुंबईत आणि काही हयात नाहीत. बांधकामाआधी सर्व सहहिस्सेदारांच्या सह्यांचा नोंदणीकृत भाडेपट्टा करावा. तोंडी होकार दुसऱ्या पिढीत टिकत नाही. समुद्राकाठी निवास-न्याहारीची घरे काढायची असतील तर सागरी नियमन क्षेत्राची, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर बंधने असलेल्या पट्ट्याची, रेषाही आधी तपासावी.

आणखी एक गोष्ट सभेत कोणी उघड बोलत नाही. ‘गाव’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे आपली वाडी येते. खोती, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या खोतांची वतनदारी, १९४९ च्या कायद्याने गेली, पण जमीन आणि पत कोणाकडे साठली याच्या खुणा वाड्यांच्या रचनेत अजून दिसतात. बौद्धवाडीतल्या बचत गटाला आणि कुळांच्या वाडीला सोलणीच्या मजुरीबरोबर मालकीचा हिस्सा मिळणार आहे का, हे नियमावली लिहितानाच ठरवावे. मजुरी सगळेच देतात.

शाळेसाठी काही करायचे असेल तर बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सची रीत पाहावी. २०१८ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात सुरू झालेली त्याची ‘आय प्रॉमिस’ शाळा सरकारी शाळाव्यवस्थेचाच भाग आहे. त्याचे प्रतिष्ठान वरची मदत देते आणि पालकांच्या शिक्षणाचाही विचार करते. आपणही जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीला विचारून सुरुवात करावी.

वेळेचे गणित असे: कागदपत्रे पावसाळ्यात करावीत, कारण तेव्हा बागायतदार घरी सापडतात, आंब्याचे करार दिवाळीपूर्वी, फवारणीची उचल घेतली जाण्याआधी व्हावेत, काजू बीच्या खरेदीची रक्कम जानेवारीअखेर खात्यात हवी. गणपतीला मुंबईकर मंडळी गावात असतात, तेव्हा सातबारावरच्या सह्या त्याच आठवड्यात उरकून घ्याव्यात.