घरी ख्याल रेकॉर्ड करताना लेव्हल तानेवर लावा

ग्वाल्हेरला लष्कर भागात आमच्या घराच्या माडीवर मी गाणाऱ्यांची रेकॉर्डिंग करते. माइकसमोर बसलेल्याला माझं पहिलं सांगणं ठरलेलं असतं, "दादा, आलाप नंतर. आधी तार सप्तकातून उतरणारी एक सपाट तान घ्या, अगदी बैठकीत घ्याल तशी." ग्वाल्हेरची गायकी खुल्या आवाजाची. मंद्रातल्या आलापावर लेव्हल लावून बसलात, तर पुढे तान आली की मीटर लाल झालाच म्हणून समजा. तानेचा सर्वांत मोठा आवाज उणे १२ डीबीच्या (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) आसपास राहील, एवढाच गेन, म्हणजे माइकच्या आवाजाला वाढ, द्या. आलाप मग स्क्रीनवर बारीक रेघेसारखा दिसेल. दिसू दे.

माइक आणि संगणक जोडणाऱ्या इंटरफेसमधला, आवाजाचे आकडे करणारा कन्व्हर्टर सेकंदाला ४८,००० वेळा लाटेची उंची मोजतो आणि प्रत्येक मोजमाप २४ बिटांत लिहितो. सीडीच्या १६ बिटांत हळू ते मोठा हा पल्ला साधारण ९६ डीबीचा, तर २४ बिटांत कागदावर तरी १४४ डीबीचा. म्हणजे खालच्या बाजूला जागाच जागा आहे. वर मात्र शून्य डीबी ही हद्द. तिच्यापलीकडचा आकडा लिहिताच येत नाही, लाटेचा माथा सपाट कापला जातो. सॉफ्टवेअरला जोडलेलं एखादं प्लगिन फार तर तिथे अंदाजाने काही भरेल. बुवांनी लावलेला षड्ज गेला तो गेलाच.

आवाज सॉफ्टवेअरच्या आत आला की ही भीती उरत नाही. तिथलं गणित फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे शून्य डीबीच्या वरचे आकडेही लिहिता येतील अशा पद्धतीने, ३२ किंवा ६४ बिटांत चालतं. मिक्स करताना तबल्याचा ट्रॅक लाल झाला तरी मास्टर फेडर (सगळ्या मिक्सचा आवाज कमी-जास्त करणारी पट्टी) खाली ओढा, लाट सहसा जशीच्या तशी सापडते. रेकॉर्डिंगच्या वेळी लाल दिसलं तर मात्र गाणं थांबवा. बुवा असले तरी थांबवा.

आता बफर. संगणक आवाज गठ्ठ्यागठ्ठ्याने घेतो. २५६ नमुन्यांचा गठ्ठा ४८ किलोहर्ट्झला सुमारे ५.३ मिलिसेकंदांचा होतो. तेवढाच वेळ येताना, तेवढाच जाताना, वर कन्व्हर्टरचा थोडा. तबलजीला आपलाच ठेका हेडफोनमधून उशिरा ऐकू आला की द्रुत लयीत हात अडखळतो. गठ्ठा फार लहान केला तर प्रोसेसरला वेळ पुरत नाही आणि आवाजात टकटक येते.

ही ओढाताण आली कुठून? १९८९ साली डिजिडिझाइनचं साउंड टूल्स मॅकिंटॉशवर आलं तेव्हा ते दोनच ट्रॅकचं होतं. १९९१च्या प्रो टूल्समध्ये चार झाले. आवाजाचं जड काम तिथे वेगळ्या डीएसपी कार्डावर, म्हणजे फक्त आवाजाचं गणित करणाऱ्या कार्डावर होई. १९९६ साली स्टाइनबर्गने क्यूबेस व्हीएसटी आणलं आणि मिक्सिंग, इफेक्ट, सगळं संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर आणून ठेवलं. आपल्यासारख्यांना घरी स्टुडिओ परवडतो तो त्यामुळेच! पण त्याच प्रोसेसरच्या मागे स्क्रीन, डिस्क, इंटरनेट हेही लागलेलं असतं. म्हणून रेकॉर्डिंगपुरतं वाय-फाय बंद ठेवा, इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग सुरू करा, सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा आणि बफर खुशाल ५१२ वर न्या. गाणाऱ्याला आपला आवाज संगणकाची फेरी न करता थेट ऐकू येतो.

सर्वांत जास्त जपायचं ते तानपुऱ्याला. मे महिन्यात कूलर बंद करून, घाम पुसत रेकॉर्डिंग करावं लागतं, त्याला इलाज नाही. विजेची घुरघुर मात्र राहतेच. ती काढायला बरेच जण डोळे झाकून ८० हर्ट्झवर हाय-पास फिल्टर (त्या आकड्याखालचा आवाज कापणारा) लावतात. काळी एकचा षड्ज १३८.६ हर्ट्झवर असतो, त्याचा खर्ज ६९ वर. म्हणजे फिल्टरने खर्जाच्या मुळावरच घाव घातला! हाय-पास ४० वर ठेवा आणि घुरघुरीसाठी ५० हर्ट्झवर अगदी अरुंद नॉच, म्हणजे तेवढाच सूर कापणारा फिल्टर, लावा. घुरघुर १०० वरही असते, पण तिथे नॉच लावताना कान उघडे ठेवा. मंद्र पंचम १०४ वर, अगदी शेजारीच बसलेला असतो.

सूर आपोआप जागेवर ओढणाऱ्या पिच करेक्शनला ख्यालात हात लावू नका, मींड मोडते. विलंबित एकतालाला सॉफ्टवेअरच्या समान ठोक्यांच्या ग्रिडवरही बसवू नका.

कापाकापी बिनधास्त करा. सॉफ्टवेअर मूळ फाइलला हात लावत नाही, कुठून कुठपर्यंत वाजवायचं एवढंच टिपून ठेवतं. तरी मूळ वेव्ह फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर त्याच रात्री काढा. सीडीसाठी १६ बिट हवे असतील तर ते सगळ्यात शेवटी, डिदर (बिट कमी करताना मुद्दाम मिसळलेली अगदी बारीक खरखर) लावून, एकदाच करा.